मेंदू कसा चालतो ते घरच्या घरी कसं बघायचं: टिकली, आरसा आणि फोंडा घाट

मे महिन्यात बहिणीची दोन पोरं कोल्हापुरातून आमच्याकडे देवगडला येतात. वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, लाइट गेली की थोड्या वेळाने रेंज पण जाते, मग मोबाईल बंद आणि सगळा ताप माझ्या डोक्याला. अशाच एका संध्याकाळी थोरलीने विचारलं, मामा डोक्याच्या आत नक्की काय चालतं रे. मग दोन दिवस आम्ही तोच उद्योग केला. तुम्हाला पण करायचा असेल तर सामान एवढंच: कपाळाची टिकली, एकरेघी वही, पट्टी आणि हातआरसा.

आकडे आधी पटकन उरकून टाका. मेंदू मोठ्या माणसाचा साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, खरवसासारखा मऊ, कवटीत पाण्यात तरंगत ठेवलेला. त्यात अंदाजे ८६ अब्ज चेतापेशी. शरीराच्या वजनाच्या २ टक्के, पण आपण खातो त्यातली २० टक्के एनर्जी एकटा खातो (आमच्या धाकट्याचा बघून वाटत नाही). पोरं हे ऐकतात आणि पाच मिनिटात विसरतात, त्यामुळे त्यांना खरं सांगायचं ते वेगळंच. करवंटीच्या आत असतो ना तसा आत मिट्ट काळोख आहे. उजेड आत जात नाही, आवाज जात नाही, वास जात नाही. जातात फक्त नसांमधून येणारे विजेचे बारीक बारीक ठोके, आणि तेवढ्यावरून बाहेर काय चाललंय याचा तो आत बसून अंदाज बांधतो. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. आपण त्याला चुकताना पकडायचं.

सुरुवात टिकलीने करा. वहीच्या पानावर डावीकडे पेनाने एक फुली काढा, तिच्या उजवीकडे बरोब्बर ८ सेंटीमीटरवर त्याच रेघेवर बारकी टिकली चिकटवा. डावा डोळा हाताने झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघायचं. वही हातभर लांब धरा आणि हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटीमीटर म्हणजे पट्टीभर अंतरावर आली की टिकली गायब! अजून जवळ आणली की परत हजर. आमच्या धाकट्याला पाच वेळा जमलं नाही कारण तो चोरून टिकलीकडेच बघत होता, तेवढं सांभाळा, आणि मान तिरकी करू नका.

झालं काय, तर डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून सगळ्या नसा एकत्र होऊन जिथून बाहेर पडतात तिथे उजेड टिपणाऱ्या पेशीच नाहीत. म्हणजे प्रत्येक डोळ्यात एक भोक आहे, जन्मापासून. पण खरी गंमत टिकली जाण्यात नाही, त्या जागी काय दिसतं त्यात आहे. काळा डाग दिसतो का? नाही. वहीच्या रेघा दिसतात, सरळ, अखंड! तिथलं काहीच दिसत नसताना मेंदू आजूबाजूच्या रेघा बघतो आणि मधला भाग आपल्या मनाने भरून टाकतो, वर आपल्याला सांगत पण नाही. थोरली दहा मिनिटं एकच डोळा मिटून घरभर फिरत होती, आजीचं डोकं गायब करते म्हणे. जाता जाता सांगतो, बाजारात माकूल (म्हणजे स्क्विड) घेतो ना आपण, त्याच्या डोळ्यात हे भोक नसतं, त्याच्या नसा पडद्याच्या मागच्या बाजूने निघतात. वायरिंग त्याचं आपल्यापेक्षा भारी.

आता फोंडा घाट, कोल्हापूरहून आमच्याकडे येताना लागतो तो. धाकटा दर वर्षी तिथे ओकतो म्हणजे ओकतोच, पिशवी तयार ठेवूनच बहीण निघते. पूर्वी आम्ही पोटाला दोष द्यायचो, सकाळी पोहे जास्त खाल्ले वगैरे. पोटाचा संबंध शेवटी येतो, सुरुवात कानात होते. कानाच्या आत तीन बारीक अर्धगोल नळ्या आहेत, त्यात पाणी असतं, डोकं वळलं की ते हलतं आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. पोरगं मागच्या सीटवर मोबाईलमध्ये मान घालून बसलेलं, डोळे सांगतात सगळं जागच्या जागी आहे, कान सांगतात अरे आपण गरागरा फिरतोय, दोन साक्षीदार दोन जबाब देतात आणि मेंदूचा अंदाज कोलमडतो. असा गोंधळ झाला की विषबाधा झाली असं समजून मेंदू पोट रिकामं करायला लावतो, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. ते काही असो, गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही हे बघितलंय का कधी? कारण स्टीअरिंग त्याच्या हातात, वळण यायच्या आधीच त्याच्या मेंदूला माहीत असतं. म्हणून उपाय हा: मोबाईल काढून घ्या, पोराला पुढे बघता येईल असं बसवा, आणि पुढचं वळण डावं की उजवं ते मोठ्याने ओरडायला लावा. या मेमध्ये फक्त एकदा थांबावं लागलं. दिवसभर होडीवर जाऊन आलात की रात्री अंथरुणावर पण हलल्यासारखं वाटतं ते याचंच उलटं आहे, लाटांची सवय झालेला मेंदू जमिनीवर पण लाटा धरून बसतो.

स्वतःला गुदगुल्या करून बघा. होत नाहीत. आपला हात कुठे जाणार हे मागच्या बाजूच्या छोट्या मेंदूला आधीच कळलेलं असतं, आणि जे कळलेलं आहे ते तो हलकं करून टाकतो. हा छोटा मेंदू वजनाला एकूण मेंदूच्या १० टक्के, पण ८६ अब्जातल्या जवळपास ८० टक्के पेशी त्यात आहेत. माडावर चढणाऱ्या माणसाचे पाय वर बघत बघत बरोबर खाचेत पडतात ना, ती याचीच कमाई.

ठेच मुद्दाम लावून घेऊ नका, आपोआप लागतेच चिऱ्याच्या पायरीला. पुढच्या वेळी लागली की बोंबलायच्या आधी नीट लक्ष द्या: आधी लागल्याचं कळतं, मग एक क्षण शांतता, आणि मग ती ठणकणारी कळ. स्पर्शाची नस सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धावते, ठणक्याची नस जेमतेम १ मीटर. अंगठ्यापासून डोक्यापर्यंत यायला कळेला सेकंदभर लागतो. आणि आपण अंगठा चोळतो ते उगाच नाही, चोळल्याचा निरोप पाठीच्या कण्यात कळेच्या निरोपाला अडवतो, हे मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडलं.

आता आरसा. कागदावर चांदणी काढा, तिला आतून अजून एक चांदणी, म्हणजे दोन रेघांमध्ये वाट तयार होईल. समोर आरसा उभा करा, हातावर वही आडवी धरा म्हणजे हात सरळ दिसणार नाही, आणि फक्त आरशात बघून त्या वाटेतून पेन्सिल फिरवा. पहिल्यांदा पेन्सिल भलतीकडेच जाते, माझी तर कोपऱ्यात अडकूनच बसली. पण दहाव्या वेळी जमायला लागतं. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा माणूस होता, फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूतून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला (समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून ते नाव). फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात राहायचं बंद झालं, २००८ मध्ये वारला तोपर्यंत. त्याच्याकडून हीच चांदणी तीन दिवस काढून घेतली. हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला आणि त्याला मात्र आपण हे आधी केलंय याचा पत्ताच नाही. म्हणजे आठवण नावाची एक पेटी नसते. हाताची आठवण वेगळीकडे, घडलेल्या गोष्टीची वेगळीकडे.

हे मला पुस्तकात वाचून पटलं नव्हतं, काकांमुळे पटलं. त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, म्हणजे मार मेंदूच्या डाव्या बाजूला (अंगाची उजवी बाजू मेंदूची डावी बाजू चालवते). बोलणं पण गेलं, कारण बहुतेकांच्या बोलण्याचं खातं डावीकडेच असतं, पॅरिसच्या ब्रोका डॉक्टरने १८६५ मध्ये हे मांडलं, त्याच्या १८६१ मधल्या पेशंटला फक्त 'टॅन' एवढंच म्हणता यायचं. आमच्या काकांचं जन्मभर गाऱ्हाण्याला (देवापुढे एकजण मागणं मागतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात ते) पुढे बसणं, त्यामुळे त्यांच्याकडे उरलं काय तर 'व्हय म्हाराजा'. भूक लागली, व्हय म्हाराजा. पाय दुखतो, व्हय म्हाराजा. रागावले तरी तेच, फक्त आवाज मोठा. आणि मग चतुर्थीला आरती सुरू झाली तर हा माणूस खुर्चीत बसून अख्खी आरती म्हणतोय, शब्द न् शब्द! सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या. गाणं आणि तोंडपाठ झालेलं बोलणं मेंदूत जरा वेगळ्या वाटेने जातं, त्यात उजव्या बाजूचा पण हात असतो, आणि ती बाजू त्यांची शाबूत होती.

एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. रात्री त्यांचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली, आणि आम्ही झोपले की बरं वाटेल म्हणून सकाळपर्यंत थांबलो. रक्ताच्या गुठळीमुळे झालेला झटका असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. इथून तशी सोय असलेल्या हॉस्पिटलपर्यंत जाण्यातच किती वेळ जातो ते आपल्याला माहीत आहे, म्हणून यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी गाडी काढा, तेल चोळत बसू नका.

काकू आता त्यांना चहा विचारते ती आरतीच्या चालीवर. अशा पेशंटना चालीवर बोलायला शिकवायची थेरपी खरंच असते, पण तिला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. कधी 'चाय' असं स्वच्छ उत्तर येतं, कधी 'व्हय म्हाराजा'. दोन्हीला चहा मिळतो.