टू-स्ट्रोकचं मिश्रण: माझ्या गाडीला काय लागू पडलं

पावसाळाभर भांडुपला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली माझी टू-स्ट्रोक डर्ट बाइक (हिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं) स्टार्ट व्हायची, पण थ्रॉटल दिला की अडखळायची. प्लग काळा, तेलकट. ओळखीतल्या सगळ्यांचा सल्ला एकच: ऑइल कमी कर. मला तो पटला नाही. ऑइल कमी केलं की पेट्रोलचा वाटा वाढतो, म्हणजे इंजिनात जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण उलट आणखी रिच होतं, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. बेअरिंग-पिस्टनचं वंगण घटतं ते वेगळंच.

टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. तळाशी वेगळा थर! ई20 म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल; त्यातलं इथेनॉल ओल शोषतं, आणि पावसाळ्यातली मुंबईची हवा म्हणजे नुसती ओल. पाणी फार झालं की इथेनॉल त्याच्यासकट खाली बसतं.

ते सगळं काढलं, कार्ब्युरेटर साफ केला, नवा प्लग लावला. ताज्या पेट्रोलमध्ये जासो एफडी दर्जाचं (टू-स्ट्रोक ऑइलचं जपानी मानक) ऑइल, मॅन्युअलप्रमाणे 32:1 (32 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल), म्हणजे लिटरला साधारण 31 मिली, मोजून. खालच्या आरपीएमला थोडा जडपणा उरला होता, तो पायलट जेट (कमी आरपीएमला पेट्रोल सोडणारं कार्ब्युरेटरमधलं बारीक छिद्र) एक नंबर लहान केल्यावर गेला. आता मिश्रण लागेल तेवढंच बनवतो, आणि गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवतो.