यादी घेणारा पर्याय फाइलचं नाव गिळतो तेव्हा

पायथनच्या आर्गपार्समध्ये (आज्ञेसोबत दिलेले पर्याय वाचणारं मॉड्यूल) 'नार्ग्ज'ला, म्हणजे पर्यायाने किती मूल्यं घ्यायची ते ठरवणाऱ्या सेटिंगला, अधिकचं चिन्ह ('एक किंवा जास्त') दिलं असेल, तर '--टॅग लाल निळा नोंदी.टीएक्सटी' या आज्ञेत फाइलचं नावही टॅगांत जमा होतं आणि फाइल दिलीच नाही असा एरर येतो. आज्ञा लिहिणाऱ्याचं काहीच चुकलेलं नसतं.

१. 'नार्ग्ज' काढून 'ॲक्शन'ला 'अपेंड' द्या, म्हणजे प्रत्येक '--टॅग' एकच मूल्य घेऊन यादीत जोडतो.
२. हेल्पमध्ये उदाहरणच लिहा: '--टॅग लाल --टॅग निळा नोंदी.टीएक्सटी'. टायपिंग थोडं वाढतं, पण प्रत्येक मूल्य कुणाचं ते स्पष्ट राहतं.

सगळी मूल्यं 'लाल,निळा' अशी एकत्र घेऊन स्वल्पविरामाने तोडणं सोपं वाटतं, पण मूल्यातच स्वल्पविराम आला की तुकडे चुकतात.

जपा: 'डिफॉल्ट'मध्ये (पर्याय दिलाच नाही तर वापरायचं मूल्य) भरलेली यादी ठेवू नका. दिलेली मूल्यं तिच्या जागी येत नाहीत, तिच्या शेवटी जोडली जातात. 'नन' (पायथनमधलं 'काहीच नाही') ठेवा आणि पार्स झाल्यावर 'नन'च उरलं असेल तर मूळ यादी भरा.