पोटफुगीवर ताक: माझा अनुभव

दुपारचं जेवण झालं की पोट तट्ट फुगायचं आणि चारपर्यंत सुस्ती. छोले किंवा वालाची उसळ असेल तर विचारूच नका. आमच्या वैद्यांनी चूर्णाऐवजी ताक सांगितलं, पण त्यांच्या पद्धतीचं.

आदल्या रात्री विरजलेलं, न आंबलेलं दही. वाटीभर दह्याला पाव वाटी पाणी घालून रवीने घुसळायचं, लोणी वर आलं की काढून घ्यायचं. मिक्सरमध्ये फेस जास्त होतो. मी रवीच धरते. मग भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव, किसलेलं आलं. हिंग मात्र थेंबभर तुपात फुलवूनच, कच्चा उग्र लागतो. फ्रीजमधलं गार ताक बंद. जेवणाच्या शेवटी घोट घोट प्यायचं, रात्री नाही.

आठवड्याभरात फुगणं बरंच कमी झालं. उसळी आता निर्धास्त खाते.

गंमत म्हणजे आपण उन्हाळ्यात ताक ढोसतो, आणि आयुर्वेद उष्णकाळात, चक्कर येत असताना, जळजळ (दाह) होत असताना, रक्तपित्तात (नाका-तोंडातून वगैरे रक्त पडण्याच्या विकारात) ते टाळायला सांगतो! त्यामुळे छातीत जळजळणाऱ्या माझ्या नवऱ्याला वैद्यांनी हे दिलंच नाही. पोटदुखी किंवा शौचातून रक्त असेल तर आधी डॉक्टर गाठा.