गरम पाणी मध्येच गार होतंय? कॉम्बी बॉयलरचा दोष असा शोधा

सासूबाई अंघोळीला बसल्या की बाथरूममधून हाक यायची, "अगं, पाणी गार झालं बघ!" मी बॉयलरपाशी पोहोचेपर्यंत पाणी पुन्हा गरम. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मेकॅनिक आला तेव्हा बॉयलर नीट चालला, त्याने तापमानाचा सेन्सर बदलला आणि आठवड्याभरात परत हाक आली. वयस्कर माणसाच्या अंगावर असं गार पाणी पडलेलं मला बघवत नव्हतं. म्हणून मी वही घेतली. कुठला नळ, किती वेळाने गार, तेव्हा हीटिंग चालू होतं का, बॉयलरवर ज्योतीचं चिन्ह दिसत होतं का, एवढंच लिहायचं. तुम्हीही सुरुवात इथूनच करा.

कॉम्बी बॉयलर म्हणजे रेडिएटरमधून घर गरम ठेवणारा आणि नळालाही गरम पाणी देणारा एकच गॅस बॉयलर. त्यात गरम पाण्याची टाकी नसते. नळ सोडला की फ्लो सेन्सरमधली छोटी चक्री फिरते, बर्नर पेटतो, आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह रेडिएटरकडे जाणारं गरम पाणी प्लेट हीट एक्स्चेंजरकडे वळवतो. तिथे नळाचं पाणी वाहता वाहता तापतं. यातलं काहीही अडलं की पाणी गार.

आधी प्रेशरचा काटा बघा. सिस्टीम थंड असताना बहुतेक बॉयलरना 1 ते 1.5 बार लागतात. कमी असेल तर मॅन्युअलप्रमाणे भरा. पण दर आठवड्याला भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधायलाच हवी.

मग बादली. 10 लिटरची बादली गरम नळाखाली लावा आणि घड्याळ बघा. मिनिटाला साधारण 2 ते 3 लिटरपेक्षा कमी पाणी आलं तर बर्नर पेटतच नाही, किंवा पेटून विझतो. म्हणजे बादली भरायला चार मिनिटं लागत असतील तर नळाची जाळी आणि शॉवरची भोकं साफ करा. क्षारांनी ती बुजलेली असतात. उलट बादली अर्ध्या मिनिटात भरत असेल तर पाणी कोमटच राहणार: 24 किलोवॉटचा बॉयलर मिनिटाला जेमतेम 10 लिटर पाणी 35 अंशांनी तापवतो. थंडीत पाइपातलं पाणीच बर्फासारखं येतं, तेव्हा नळ थोडा कमी सोडा.

बारीक धारेची गंमत वेगळी. बर्नरची ज्योत एका मर्यादेखाली उतरत नाही. समजा ती मर्यादा 6 किलोवॉट आहे. मिनिटाला 2 लिटर पाणी त्यात सुमारे 43 अंशांनी तापतं. येणारं पाणी 25 अंशांचं असेल तर ते 68 वर जाणार, म्हणून बॉयलर स्वतःच विझतो. गार, गरम, गार असं चक्र सुरू होतं. तापमान 50 अंशांच्या आसपास ठेवा आणि धार मोठी करा. मोठ्या धारेतही चटका बसेल असं गरम येऊन मग गार होत असेल, तर हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार साचल्याची शंका घ्या. ते काम इंजिनिअरचं.

हीटिंग बंद ठेवून गरम नळ सोडा आणि रेडिएटरला हात लावा. तो तापत असेल किंवा फक्त हीटिंग चालू असतानाच नळाला गरम पाणी येत असेल, एरवी नाही, तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह अडकलाय.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. वहीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती: पाणी गार व्हायचं ते दुसऱ्या बाथरूममध्ये कोणी जाऊन आल्यावर. मी बॉयलर बंद केला, त्याच्या खालची थंड पाणी आत नेणारी चावी बंद केली आणि स्वयंपाकघरातला गरम नळ सोडला. पाइपातलं उरलेलं पाणी संपून धार थांबायला हवी होती. ती थांबेचना! म्हणजे थंड पाणी दुसरीकडून गरम पाइपात घुसत होतं. दुसऱ्या बाथरूममध्ये हँडशॉवरची कळ बंद होती, पण भिंतीवरचा मिक्सर उघडाच. तिथे दोन्ही पाइप एकमेकांना मिळालेले, आणि थंड पाण्याचा जोर जास्त. मिक्सर बंद करताच धार थांबली. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि एकही सुटा भाग बदलण्याआधी ती कराच. नंतर प्लंबरकडून मिक्सरच्या दोन्ही पाइपांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारे व्हॉल्व्ह, बसवून घेतले.

बॉयलरचं झाकण मात्र उघडू नका, ते परवानाधारक गॅस इंजिनिअरनेच उघडायचं. गॅसचा वास आला तर मुख्य कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात न लावता बाहेर पडा आणि बाहेरूनच गॅसच्या आपत्कालीन सेवेला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, म्हणून त्याचा अलार्म घरात हवाच. इंजिनिअरला बोलवाल तेव्हा ती वही त्याच्या हातात द्या आणि पडद्यावर एरर कोड आला असेल तर त्याचा फोटोही दाखवा.