संख्यांचे प्रकार: आधी अडवा, मग नाव सांगा

नैसर्गिक, पूर्णांक, परिमेय अशा व्याख्या एकाखाली एक लिहून दिल्या की मुलं त्या पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी अडणारं गणित द्या. ३ − ५ ला नैसर्गिक संख्यांत उत्तर नाही, म्हणून पूर्णांक. २ ÷ ३ ला तेही अपुरे, म्हणून परिमेय. खरी गंमत पुढे आहे. १० सेमी बाजूच्या चौरसाचा कर्ण मोजायला सांगा. पट्टी साधारण १४.१ दाखवेल, पायथागोरसप्रमाणे वर्ग २०० हवा, पण येतो १९८.८१. १४.१४ घ्या, १९९.९३९६. कितीही दशांश स्थळं वाढवली किंवा कोणताही अपूर्णांक घेतला, तरी नेमके २०० होत नाहीत. आता ‘अपरिमेय’ म्हणा. जाता जाता हेही बजावा: २२/७ परिमेय आहे, π नाही. ही गल्लत मोठ्या वर्गांतही टिकून असते.