टॅकोमीटर दुप्पट आरपीएम दाखवत होता

अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ब्लोअरची मोटर रिवाइंड होऊन, म्हणजे आतल्या तारा नव्याने गुंडाळून आली. प्लेटवर १४४० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), फेऱ्या मोजणाऱ्या लेझर टॅकोमीटरवर मात्र २८८६. पोरगा म्हणाला, "दादा, चारऐवजी दोन पोलची भरली वाटतं." शंका रास्त होती, ५० हर्ट्झवर दोन पोलची मोटर साधारण तेवढीच फिरते. मी वाइंडिंगवाल्याला फोन लावणारच होतो. बरं झालं, थांबलो.

आधी रबरी टोकाचा जुना टॅकोमीटर शाफ्टच्या मध्यावर टेकवला. १४४३! म्हणजे मोटर ठणठणीत.

मेन स्विच बंद करून टॉर्च मारला. लेझरने फेऱ्या मोजाव्यात म्हणून शाफ्टवर चिकटवलेल्या रिफ्लेक्टिव्ह पट्टीच्या बरोबर समोर, शाफ्टच्या दुसऱ्या बाजूला, चावीच्या खाचेची (शाफ्टवर बसवलेला भाग घट्ट धरणारी पट्टी जिथं बसते ती) कड होती, पॉलिश पेपरने घासून आरशासारखी चकाकणारी. लेझरला एका फेरीत दोन चमका मिळत होत्या आणि तो दोन फेऱ्या मोजत होता.

शाफ्ट पुसून काळ्या इन्सुलेशन टेपचा एक घट्ट वेढा दिला, खाचेसकट. त्यावर एकच पट्टी, सेंटिमीटरभर. टॅकोमीटर किंचित तिरका धरला. १४४३, दोन्हींवर सारखं.

आकडा नेमका दुप्पट किंवा तिप्पट आला तर आधी शाफ्ट बघा. वाइंडिंगवाल्याला उगाच बोल लावला असता.