ठासणीच्या बंदुकीची गोळी कशी निवडायची आणि नेम कसा बसवायचा

आमच्या घरात शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची, बंदूक आजोबांच्या वेळेपासून आहे, आणि दर वर्षी भात पोटरीत आलं की वाडीतलं कोण ना कोण येऊन विचारतंच की अरे गोळी कुठली घालू, माझी तर डावीकडेच मारते. तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

आधी कायद्याचं उरकून घेऊ, कारण त्यातच लोक अडकतात. वन्यजीव कायद्याने आपल्याकडे हौसेची शिकार बंद आहे, मग ससा असो नायतर भेकर. 1959 च्या शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूक खरोखरच्या पीकसंरक्षणासाठी म्हणून वेगळी धरलीय, तेवढंच काम तिचं. रानडुकरावर गोळी घालायची तरी वनखात्याची लेखी परवानगी हातात पाहिजे, आणि परवानगीने मारलेला डुक्करही सरकारच्या मालकीचा असतो, त्यामुळे सागुतीचा बेत आधीच डोक्यातून काढा. नेम बसवायला चार बार काढायचे तर तेही पोलीस ठाण्यात आधी सांगून, जमलं तर लेखी घेऊन, नाहीतर सरळ रायफल क्लबच्या रेंजवर. बंदुकीची दारू, केपा (बार पेटवणाऱ्या टोप्या), गोळ्या परवान्यावर लिहिल्यात तेवढ्याच आणि परवानाधारक दुकानातूनच घ्यायच्या, घरी दारू कुटायची नाही आणि शिसंही ओतत बसायचं नाही.

आता बंदूक हातात घ्या, पण भरायला नाही, रिकामी आहे का ते बघायला. गज, म्हणजे बार ठासायची काठी, नळीत शेवटपर्यंत सोडा, रिकाम्या नळीत तो तळाला ठण्णकन वाजतो, आणि भरलेली असेल तर आवाज दबका येतो आणि गज चार बोटं वर राहतो. रिकाम्या नळीत तोंडाशी गज जिथे येतो तिथे चाकूने एक खूण करा, नेहमीचा बार भरल्यावर जिथे येतो तिथे दुसरी. या दोन खुणा म्हणजे अर्धी विद्या आहे. आमच्या थोरल्या काकांनी एका गणपतीत भिंतीवरची बंदूक पुसायला काढली, घरातले सगळे म्हणत होते रिकामीच आहे, गज घातला तर वर राहिला. मागच्या हंगामातला बार तसाच आत होता. त्या दिवसापासून आमच्याकडे गज घातल्याशिवाय बंदुकीला कोणी हात लावत नाही, लहान पोरंसुद्धा विचारतात गज घातलात काय. जुनी नळी असेल तर पहिल्यांदा परवानावाल्या गनस्मिथला दाखवा, आतून खड्डे पडलेत का, निप्पल (केप बसते तो तुकडा) ढिलं झालंय का, हे आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

गोळी निवडायची म्हणजे आधी नळी मापायची. व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि तोंडाशी आतलं माप दोन तीन दिशांनी घ्या, कारण गजाच्या घासण्याने जुन्या नळ्या तोंडाला अंडाकृती झालेल्या असतात. बोअर नंबर कागदावर असतो तो जुन्या हिशोबाचा आहे, एक पौंड शिशात नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या होतील तो आकडा, म्हणून आकडा वाढला की नळी बारीक. 12 बोअर म्हणजे साधारण 18.5 मिलीमीटर, 16 बोअर म्हणजे 16.8, 20 बोअर म्हणजे 15.6. पण गावठी घडणीच्या नळीत कागद एक सांगतो आणि कॅलिपर दुसरंच, तेव्हा कॅलिपरचं ऐका.

गोळी नळीपेक्षा थोडी बारीक हवी, आणि मधली फट कापडाने भरायची. समजा नळी 16.8 आहे तर गोळी 16.2 च्या आसपास, आणि वर 0.4 मिलीमीटर जाडीचं सुती कापड. दोन्ही बाजूंचं मिळून 0.8 होतं म्हणजे कापड थोडं दाबून बसतं, आणि तेच पाहिजे. गोळी बोटाने सरळ आत घसरली तर सैल आहे, नेम कधीच जमणार नाही. गजावर हातोडी मारावी लागली तर घट्ट आहे, ती तर घालूच नका. कापड गादीच्या खोळीचं उत्तम, घट्ट विणीचं आणि जाड. टेरिकॉट नायलॉन अजिबात नको, ते वितळून नळीला चिकटतं. काही लोक सोडणाचा काथ्या ठासतात, तो छऱ्याच्या बाराला ठीक, गोळी मात्र काथ्यावर मधोमध बसत नाही.

शिसं मऊ आणि शुद्ध हवं, नखाने ओरखडा उठला पाहिजे. चकाकणारी कडक गोळी मिश्रणाची असते, ती लागल्यावर पसरत नाही. मी आणलेल्या गोळ्या सोनाराकडच्यासारख्या छोट्या काट्यावर एकेक करून तोलतो, 16.2 ची शुद्ध शिशाची गोळी 25 ग्रॅमच्या आसपास भरते, एखादी अर्धा ग्रॅम हलकी निघाली की समजायचं आत हवेचा बुडबुडा आहे, बाजूला टाकायची. कंटाळवाणं काम आहे पण पावसाळ्यात दुपारी दुसरं असतं काय.

छरे की गोळी हा वाद वाडीत कायम चालतो. माझं मत स्पष्ट आहे, डुकरावर छरे नको. छरे पसरतात, दोन तीन लागतात, डुक्कर मरत नाही, जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी शेण काढायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. एकच गोळी, जवळून, नाहीतर नुसता आवाजाचा बार.

हल्ली पोरं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून विचारतात की प्लास्टिकच्या टोपणातली टोकदार गोळी मिळेल का, ते लोक 100 यार्डावर नेम बसवतात. बाबांनो, त्यांच्या नळीत आतून आटे, म्हणजे पिळाच्या खाचा, असतात. तिकडे बऱ्याच राज्यांत ठासणीच्या बंदुकीला शिकारीचा वेगळा हंगाम असतो, आणि त्यांच्या नव्या .50 कॅलिबरच्या रायफलींत 28 इंचाला एक फेरा असे दाट आटे, ते लांबट गोळीला गरगर फिरवतात म्हणून ती सरळ जाते. गोल गोळीच्या जुन्या धाटणीच्या रायफलीत तेच आटे लांबलांब, 66 इंचाला एक फेरा वगैरे. आपली नळी आतून गुळगुळीत, फिरवणारं काहीच नाही, त्यामुळे लांबट गोळी हवेत कोलांट्या खात जाते. आपल्याला गोल गोळीच.

कापडाला वंगण लागतं. मशीन ऑइल किंवा गाडीचं ग्रीस लावू नका, काळ्या दारूच्या उष्णतेने त्याचं डांबर होतं आणि तिसरी गोळी अर्ध्यात अडकते. मी भिरंडेल वापरतो, भेगाळलेल्या टाचांना लावतात तेच कोकमाच्या बियांचं तेल, थोडं मेण घालून. खोबरेल उन्हात पातळ होऊन दारूत उतरतं, भिरंडेल घट्ट राहतं.

दारू किती, ते मी लिहिणार नाही, कारण माझ्या नळीचा आकडा तुमच्या नळीला फाडू शकतो. गनस्मिथ सांगेल तेवढीच, आणि दर वेळी त्याच एका मापाने. काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीत चिमूटभरसुद्धा घालायची नाही, नळी फुटते. डब्यातून सरळ नळीत ओतायची नाही, आत निखारा राहिला असेल तर डबाच हातात उडतो, म्हणून मापात काढून मग ओतायची. तोंड नळीच्या रेषेत आणू नका. गोळी दारूला टेकेपर्यंत खाली सरकवा, दुसऱ्या खुणेवर गज आला पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते. गज बाहेर काढून बाजूला ठेवा (हसू नका, आमच्याकडे एकाने गजासकट बार उडवला होता, गज माडाच्या शेंड्यात सापडला). केप सगळ्यात शेवटी, नळी निशाणाकडे असतानाच.

जागा निवडताना कोकणात एक गोष्ट विसरू नका, जांभा. कातळावर किंवा चिऱ्याच्या गडग्यावर गोळी लागली की उसळून कुठे जाईल सांगता येत नाही. लोक चिरेखाण सोयीची म्हणून तिथे जातात, तीच सगळ्यात वाईट. निशाणामागे माणसाच्या उंचीपेक्षा मोठा मऊ मातीचा बांध हवा आणि पलीकडे पाणंद, गुरं, वस्ती काही नको. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा.

आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा 20 मीटरवर लावा, मधोमध कोळशाने वाटीएवढं वर्तुळ. बसून, वाळूच्या पोत्यावर नळी टेकवून तीन बार. प्रत्येक बारानंतर ओलसर फडकं गजावरून फिरवा, मग कोरडं, नाहीतर काजळी साचत जाते आणि प्रत्येक गोळी वेगळी जाते. एका गोळीवरून काही ठरवू नका, तिन्ही भोकं कुठे जमतात ते बघा. तिन्ही तीन दिशांना असतील तर दोष नेमाचा नाही, कापड किंवा गोळी बदला, फाटलेलं कापड पुढे जमिनीवर पडलेलं मिळतं ते उचलून बघा, कडा जळून चिंध्या झाल्या असतील तर कापड पातळ आहे.

तिन्ही एकत्र पण बाजूला असतील तर आता नेम सुधारायचा. आपल्या बंदुकीला मागची खाच नसते, पुढे फक्त माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, त्यामुळे मागची खाच तुमचा डोळा आहे. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला नाही तर गोळी भटकणारच. नळीची पाठ जास्त दिसत असेल तर डोळा वर आहे आणि गोळीही वर जाणार. एवढं जमल्यावरही खालीच लागत असेल तर माशी थोडी घासून बुटकी करावी लागते, वर लागत असेल तर उंच बसवावी लागते, डावीकडे लागत असेल तर माशीही डावीकडे. उलटं वाटतं पण तसंच आहे. हिशोब सोपा, डोळ्यापासून माशी 90 सेंटीमीटर, 20 मीटरवर गोळी 5 सेंटीमीटर खाली, तर सव्वादोन मिलीमीटर घासायचं. एकदम नको, अर्धा मिलीमीटर करत, आणि गनस्मिथच्या हातून, घासलेलं परत येत नाही.

मग पुठ्ठ्यावर जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ काढा आणि 20, 30, 40 मीटर असं मागे सरकत जा, प्रत्येक ठिकाणी पाच बार, सगळे एका दिवसात नकोत, खांदा दुखला की माणूस डोळे मिटून चाप ओढतो. पाचच्या पाच ताटात बसले ते शेवटचं अंतर तुमचं. माझं 30 मीटर आहे, 40 वर दोन बाहेर जातात, लाज कसली. शेतात मांगरापासून (शेतातल्या खोपटापासून) तेवढ्या अंतरावर मी बांबू रोवून ठेवलेत, बांबूच्या पलीकडे डुक्कर असलं की डबा वाजवायचा, बंदूक नाही. आणि रात्री बॅटरीच्या उजेडात नुसतं झुडूप हललं म्हणून बार टाकू नका, त्या झुडपात शेजारीही असू शकतो, तोही राखणीलाच आलेला असतो.

केप वाजली आणि बार उडाला नाही तर नळी निशाणाकडेच धरून निदान एक मिनिट थांबा. आपल्या दमट हवेत असं होतंच, कधी कधी बार दमाने उडतो.

परत आल्यावर चहा नंतर, आधी चुलीवर पाणी. काळी दारू जळली की राख नळीत राहते, ती हवेतलं पाणी ओढते आणि जुलैत तर एका रात्रीत नळी तांबूस पावडर धरते. बंदूक रिकामी असल्याची गजाने खात्री करून निप्पल काढा, कढत साबणाचं पाणी नळीत, फडकं वरखाली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नळी तापलेली असते त्यामुळे पटकन सुकते, मग कोरडं फडकं आणि पातळ तेलाचा हात. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरं फडकं पुन्हा एकदा फिरवा, लाल आलं तर पाणी परत चुलीवर ठेवा.